हाताला गार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मला खपणार नाही.

माझ्या धाकट्या बहिणीची बदली घाटापलीकडच्या दवाखान्यात झाली. तिच्यासाठी जुनी गाडी मीच पसंत केली, गॅरेजवाला भाऊ ना मी! चारच दिवसांत तिची कुरकुर सुरू झाली, "दादा, चढाला मागून घरघर येते रे."

मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा असतो, डिफरेन्शियल. इंजिनाचा जोर तोच चाकांना देतो. तो फार तापत असेल तर एखाद्या दिवशी चाकं जाम होणार, आणि घाटात ती एकटी. आमची तपासायची रीत साधी आहे. गाडी चढाला दामटायची, थांबली की लगेच त्या गोळ्याला हात लावायचा. पाच म्हणेपर्यंत हात टिकला तर ठीक.

दुपारची वेळ, पण घाटात धुकं उतरलेलं. गाडी तीच चालवत होती. घरघर मीही ऐकली. एका वळणाअलीकडे इंजिन बंद करून तिने हँडब्रेक ओढला. मी मागच्या चाकांच्या मागे दगड लावले. पुढे लावले नाहीत. गाडी घसरणार ती उतारालाच, नाही का?

मागून खाली सरकलो. जळक्या तेलाचा वास नव्हता, बंद खोलीचा होता. हात लावला. एक, दोन, तीन...

गोळा गार होता. गारठलेलाच म्हणा.

बॅटरी मारली. इंजिनाकडून येणारा, गाडी चालताना गरगर फिरणारा तो लांब दांडा कोळ्याच्या जाळ्यात होता. जाळं अखंड होतं. मधोमध कोळी निवांत बसलेला. म्हणजे इंजिनाने चाकं फिरवलीच नव्हती. मग एवढा चढ आम्हाला चढवला कुणी?

तेवढ्यात कानाजवळचं चाक हललं. चढाच्या दिशेने.

"ब्रेक सोडलास का गं?" मी ओरडत बाहेर आलो.

"नाही रे... ओढलेलाच आहे... दादा, दार उघडत नाहीये..."

धावत्या गाडीचं दार दोन्ही हातांनी ओढलं, तिला दंडाला धरून बाहेर खेचलं. दोघंही रस्त्यावर आपटलो. ती मला बिलगली. मीही काही कमी घाबरलो नव्हतो. किल्ली तिच्या मुठीत होती.

गाडी आवाज न करता चढत राहिली. वळणापाशी जराशी थांबली, आणि तिने उजवीकडे वळायचा सिग्नल दिला.