सतरा नंबरचं दार

अंक छपाईला गेलाय. बसा. आणि तू, घटनास्थळी न जाता फोनवरून बातमी लिहिणाऱ्या, तू पुढे बस. हे तुझ्यासाठीच आहे. ऐकीव नाही. माझ्या भाच्याचं आहे, आणि तो तेव्हा माझ्याकडे राहून शिकत होता.

बी.ए.चं तिसरं वर्ष, विषय अर्थशास्त्र. बेरोजगारीची व्याख्या झोपेतही घडाघड म्हणायचा. बेरोजगार माणसाशी बोलायचं म्हटलं की पाय दुखायचे. प्रकल्प होता एका गल्लीतल्या चाळीस घरांचा. प्रत्येक घरी जायचं, विचारायचं, कोण राहतं, गेल्या आठवड्यात किती तास काम केलं. मग दारावर खडूनं नंबर टाकायचा. दार उघडलं नाही तर तीनदा जायचं, मगच नंबराखाली 'रिकामं' लिहायचं. सतरा नंबरला आमच्या चिरंजीवांनी दार वाजवलंसुद्धा नाही. बंद दिसलं, 'रिकामं' लिहिलं, चहाला गेले. बाहेरून कुलूप नव्हतं, हे पाहिलंच नाही. बाहेर कुलूप नाही म्हणजे आत माणूस आहे, एवढं शेंबडं पोरही सांगेल.

तीन आठवड्यांनी मॅडमनी वर्गात सांगितलं, उद्या मी स्वतः पडताळणीला येणार. एक घर खोटं निघालं तरी नापास. म्हणजे वर्ष गेलं.

अकरा जानेवारी, गुरुवार, रात्रीचे सव्वानऊ.

"मामा, अर्ध्या तासात येतो. एक घर राहिलंय."

"राहिलंय की सोडलंयस?"

"तुम्ही ना, घरीही उलटतपासणी घेता."

दहाला परतला तो चेहरा पांढराफटक पडलेला. फॉर्म छातीशी धरलेला. त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं सांगतो.

सतरा नंबरचं दार वाजवायला त्यानं हात उचलला, तोवर दार उघडलं होतं. आत एक म्हातारा, भिंत धरून उभा.

"या. त्या दिवशी घाईत होता तुम्ही."

भाच्यानं आत बसून, मान खाली घालून फॉर्म काढला.

"घरात किती जण, आजोबा?"

"आधी काय लिहिलं होतंत?"

भाच्यानं पेनाचं टोपण काढलं.

"बरं. एक लिहा."

"गेल्या आठवड्यात काही काम?"

"दार वाजवलं."

"बाहेर जाऊन?"

"आतून."

"...किती तास?"

"हात उचलता येत होता तोवर."

भाचा उठला. म्हातारा दाराशी. तिथे कधी पोचला, कळलं नाही.

"तुमच्या घरी किती जण?"

"दोघं. मी... आणि मामा."

"बघूनच लिहावं लागेल."

मी त्याला म्हटलं, म्हातारी माणसं बोलतात असं, झोप. पत्रकार ना मी. भुतंखेतं आमच्या पानावर येत नाहीत.

सकाळी मॅडमबरोबर तो गेला. मीही गेलो. सतरा नंबरला बाहेरून भलंमोठं कुलूप. वर पोलिसांचं लाखेचं सील. त्यावर धूळही बसलेली. मॅडमनी भाच्याकडे पाहिलं. त्यानं फॉर्म मागे लपवला.

समोर एक बाई कपड्यांना इस्त्री करत होती. मी विचारलं, काय झालं इथे?

"म्हातारा पडला होता आत. कंबर मोडलेली. नेलं त्याला दहा दिवसांपूर्वी. वास यायला लागला तेव्हा."

"कुणालाच कळलं नाही?"

"ठोकत होता की. पहिले तीन-चार दिवस. दोनदा मी दारापर्यंत गेले." तिनं इस्त्री उभी ठेवली. "पण दारावर लिहिलेलं होतं ना, रिकामं. म्हटलं, उंदीर असतील. शिकलेली पोरं बघून गेलीत, ती खोटं कशाला लिहितील?"

भाच्यानं मागे धरलेला फॉर्म चुरगाळला.

मॅडम पुढच्या घराकडे वळल्या.

त्यांनी बाकीची एकोणचाळीस घरं तपासली आणि त्याला पास केलं. सतरा नंबर अहवालातून वगळला. हो, वगळला. टक्केवारीत फरक पडत नाही म्हणे. दाराआड जीव गेला आणि टक्केवारीत फरक पडत नाही.

त्या रात्री मी स्वतः कडी लावली. आतून. दोनदा पाहिली. भाचा माझ्याच खोलीत झोपला. दिवा चालू.

तीनच्या सुमारास... काहीतरी घासल्यासारखं. हळू. मग थांबलं.

आम्ही दोघंही जागे होतो. एकमेकांकडे पाहिलं नाही.

उजाडल्यावर उठलो. कडी तशीच. दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या छातीच्या उंचीवर, खडूनं एकच शब्द लिहिलेला होता.

रिकामं.