चौथा डाग

"बाई, एवढं महागाचं भिंग आणि त्यात चौथा डाग?" नियंत्रण कक्षात चित्रविभागाचे प्रमुख इरफान मुजावर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले.

सुलक्षणा तुळपुळेंचा पारा चढला. 'शोधिनी' यानाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं ते भिंग त्यांनी दोन वर्षं स्वतः घासलं होतं. त्या यानात आज त्यांची मुलगी ऋजुता एकटीच होती.

"काचेत बुडबुडे तीनच आहेत," त्या म्हणाल्या.

"मग धुळीचा कण आदळून खळगा पडला असेल. एवढ्याशा डागानं काय बिघडतं? डागपुशी पुसून टाकेल."

डागपुशी म्हणजे इथली संगणकप्रणाली. तारे ती नकाशावरून ओळखायची. उरलेल्यांपैकी जो ठिपका प्रत्येक चित्रात एकाच जागी दिसेल, तो भिंगाचा दोष समजून पुसायची. आकाशातली वस्तू सरकते, काचेतला दोष सरकत नाही, इतका साधा हिशेब.

"थांबा, पुसू नका. सकाळचं चित्र लावा."

सकाळी ठिपका सुईच्या टोकाएवढा होता. आता मोहरीएवढा झाला होता.

"खळगा वाढतो का हो, मुजावर?"

मुजावरांचा चेहरा उतरला. "मग हा सरकत का नाही?"

"बाजूनं जाणारा दगड सरकतो. सरळ अंगावर येणारा जागच्या जागी मोठा होतो."

संगणकानं सांगितलं, या चित्रानंतर पंधरा मिनिटांत टक्कर. चित्र इथं यायला नऊ मिनिटं लागली होती, आदेश तिथं पोचायला आणखी नऊ लागणार होती, म्हणजे तो टकरीनंतरच पोचणार होता. तरी मुजावरांनी यान वळवण्याचा आदेश धाडला. त्यांनी पुढे केलेल्या खुर्चीवर सुलक्षणाबाई बसल्या नाहीत. ऋजुतालाही तो ठिपका दिसत असणारच, पण न हलणाऱ्या ठिपक्याकडे या धंद्यात कोणी बघत नाही. तिनंही तो भिंगाचाच डाग मानला तर?

आदेश धाडल्यावर सातव्या मिनिटाला ठिपका डावीकडे सरकला आणि झपाट्यानं चौकटीबाहेर गेला.

"पोचला आदेश!" बाई ओरडल्या.

"नाही," मुजावर घड्याळाकडे बघत म्हणाले. "तो अजून वाटेतच आहे."

तेवढ्यात ऋजुताचा आवाज आला. ती धापा टाकत होती.

"आई, तुझ्या भिंगात बुडबुडे तीनच ना गं? विचारून उत्तराची वाट बघण्याइतका वेळ नव्हता, म्हणून यान वळवलं."