थांब्यावरची मावशी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलेलं आहे, आणि जिच्याबाबतीत घडलं ती बाई आजही कोल्हापुरात धडधाकट आहे.

साल २००२. डिसेंबर महिना. पन्हाळ्याच्या रस्त्यावर, शहर मागं टाकल्यावर डावीकडं एक फाटा फुटतो, तो वर माळावर जातो. वेळ पहाटेची. दूधवालेसुद्धा अजून अंथरुणात असतात, अशी.

दीप्ती तेव्हा चोवीस वर्षांची. आठवडाभर पतसंस्थेत नोकरी. रविवारी पहाटे वडिलांची जुनी हिरो होंडा काढायची, गळ्यात सेकंडहँड कॅमेरा अडकवायचा आणि माळावर जाऊन उगवता सूर्य टिपायचा. तेव्हा रोलचे कॅमेरे. रोल धुवायला टाकला की फोटो हातात येईपर्यंत जिवाची नुसती घालमेल.

पोरीच्या जातीनं अंधारात एकटं जाऊ नये, हे गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी सांगून झालं होतं. वडील बाळासो एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही, चावी लेकीच्या हातात ठेवली.

आई शालननं मात्र अट घातली.

"येक दिस जरी भिऊन आलीस, तर गाडी इकून टाकनार. मग मला बोलायचं न्हाय."

आणि शालन बोलली की करणारी बाई.

सहा दिवस दीप्ती सगळ्यांची होती. ती एक पहाट तेवढी तिची. त्या पहाटेवर तिचा जीव होता.

त्या रविवारी धुकं दाट होतं. हेडलाइटचा उजेड हातभर पुढं जाऊन संपत होता.

फाट्यावर एसटीचा जुना थांबा आहे. पत्रा उडालेला. तिथं बस थांबायची बंद होऊन जमाना झाला.

तिथं कोणीतरी उभं होतं...

डोक्यावरून घोंगडं घेतलेली बाई. एक हात वर केलेला.

दीप्ती पडली ड्रायव्हरच्या घरची. थांब्यावर उभ्या माणसाला सोडून पुढं जायचं नाही, हे बाळासोंनी तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिनं ब्रेक मारला आणि तोंडसुद्धा न बघता म्हणाली, "बसा की, मावशी."

आपल्याकडं हे शब्द ओठावरच असतात. विचार करून कोण बोलतंय?

मागचं चाक दबलं.

"कुठं सोडू?"

उत्तर आलं नाही...

चढ लागला. गाडी दुसऱ्या गिअरला कण्हायला लागली, डबलसीट असल्यावर कण्हते तशी. पण मागून श्वासाचा आवाज नव्हता. लुगड्याची फडफड नव्हती. खड्ड्यात गाडी आदळली तरी खांद्यावर हात पडला नाही.

नुसतं वजन...

माळावर तिनं गाडी थांबवली. मागचा दबलेला शॉकअप हळूच वर आला.

तिनं वळून बघितलं.

कोणी नव्हतं.

चालत गेल्याचा आवाज नव्हता. उघडा माळ, लपायला साधं झुडूपही नाही.

भ्याली ती. खोटं कशाला सांगू? पण पूर्वेला तांबडं फुटत होतं. दीप्तीनं दात आवळले, कॅमेरा काढला आणि बटण दाबत राहिली.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कसं हुतं?"

"झकास," म्हणाली आणि पोहे खायला बसली.

पुढच्या रविवारी थांबा मोकळा होता. दीप्तीनं गाडी थांबवलीच नाही, उलट ॲक्सिलेटर पिळला.

धावत्या गाडीचं मागचं चाक दबलं...

त्याच्या पुढच्या रविवारी ती फाट्याअलीकडं केरबाच्या चहाच्या खोपटापाशी थांबली. घरी बोलायची सोय नव्हती, म्हणून त्याला सगळं सांगितलं. केरबा स्टोला हवा मारायचा थांबला.

"तू बसा म्हनलीस व्हय तिला?"

"व्हय."

"आमी कुनी तिथं थांबत बी न्हाय, पोरी. आता येक नारळ फोड, आन लिंबू बांध गाडीला."

"आमी बौद्ध हाय, केरबामामा. आमच्यात नारळ-लिंबू न्हाय."

"मग ह्या वाटंला येऊ नगंस."

"ते तर अजिबात जमायचं न्हाय."

"लई ताठ हाईस," एवढंच केरबा म्हणाला आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

थांबा आला. चाक दबलं.

दीप्तीला भीतीपेक्षा राग जास्त आला. माळावर तिनं इंजिन बंद केलं आणि मागं न वळता बोलायला सुरुवात केली.

"मावशी, मला भिववून घरात बसवायला अख्खी गल्ली टपून बसलीया. तुमी त्यांच्यात येऊ नका. सूर्य बघायचा असंल तर बघा, न्हायतर आपल्या वाटंला लागा. मी येनार. दर रविवारी येनार."

एरवी गाडी थांबली की शॉकअप वर यायचा.

आज आला नाही...

ती उतरली. गाडीकडं पाठ करून पुढं कड्यापाशी गेली. सूर्य वर आला, खाली उसाच्या फडांवर धुकं सोनेरी झालं. रोल संपेपर्यंत तिनं फोटो काढले आणि एकदाही मान वळवली नाही.

माळ उतरताना गाडी हलकी होती.

रोल धुवून आला. दीप्तीनं फोटो घरात सतरंजीवर पसरले. सूर्य, धुकं, गुऱ्हाळाचा धूर.

आणि एक फोटो दीप्तीचा...

पाठमोरी. कॅमेरा डोळ्याला लावलेला, समोर अर्धा उगवलेला सूर्य.

तिनं निगेटिव्हची पट्टी उजेडात धरली. तो फोटो तिच्याच रोलवर होता, बरोबर मधोमध. आणि कॅमेरा तर सगळा वेळ तिच्याच हातात होता.

शालननं तो फोटो उचलला. बराच वेळ बघत बसली.

"कुनी काढला ह्यो?"

खरं सांगितलं तर गाडी गेली.

"हाय... एक मावशी. थांब्यावर भेटतात."

शालनचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"मग आदी का सांगितलं न्हाईस? मी हितं उगंच जीव टांगून बसतोय. बाईमानूस संगं हाय म्हंजे काळजीच मिटली."

गाडी विकायचा विषय त्या दिवशी संपला, तो कायमचा. मागचं चाकही परत कधी दबलं नाही. दीप्तीचे रविवार सुटले नाहीत, लग्नानंतरही नाहीत.

अजून तिला पहाटे निघताना आईचा फोन येतो.

"मावशी हाईत न्हवं संगं?"

"हाईत," असं ती सांगते. ते खरं की खोटं, हे तिला स्वतःलाच ठाऊक नाही. बघून खात्री करता आली असती. पण गाडीचा आरसा तिनं तेव्हाच काढून टाकलाय.