गाडीला आल्या कांजिण्या

"मामा, पुन्हा आल्या! पुन्हा कांजिण्या आल्या!" पिटुकली ओरडली आणि थेट बॉनेटकडे धावली.

"लांब हो! रंग उडेल अंगावर!" मामाने तिची कॉलर धरून तिला मागे ओढलं. पण त्याची नजरही बॉनेटवरच खिळली होती. नुकताच मारलेला करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, अजून ओला होता आणि त्यात बघता बघता बारीक बारीक खड्डे पडत होते. इथे एक, तिथे चार, मग नुसता सुळसुळाट! टपावरही तेच! गाडी जुनी, गोल दिव्यांची, एकेकाळी गर्द निळी. आता बिचारीची कळा बघवत नव्हती.

आणि ही दुसरी खेप होती. पहिल्या खड्ड्यांनंतर मामाने सगळं घासून काढून नव्याने प्रायमर मारला होता. उपयोग शून्य!

दाराशी गाडीचे मालक उभे होते. बँडमधून निवृत्त झालेले बँडमास्तर. उंचीला जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या पोरीएवढे, मिशा मात्र पांढऱ्याशुभ्र आणि बूट असे चकचकीत की त्यात मिशा दिसाव्यात. आवाजाचं तर काय सांगावं! पलीकडच्या गल्लीतली कबुतरं उडायची.

"अहो पेंटर! हा रंग आहे की थट्टा? माझ्या राणीचं तोंड विद्रूप केलंत! उद्याचा दिवस देतो. पुन्हा खड्डे पडले तर गाडी समोरच्या दुकानात! आणि अख्ख्या रस्त्याला सांगेन, या माणसाला कामातलं ओ की ठो कळत नाही!"

'सांगेन' म्हणे! मास्तरांना कसला धीर? बाहेर पडल्या पडल्या त्यांनी न्हाव्याला सांगितलं, बेकरीवाल्याला सांगितलं, आणि कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका अनोळखी बाईंनाही सांगितलं.

मामा रिकाम्या डब्यावर मटकन बसला. "झालं. आधीच हल्ली कोणी गाडी आणत नाही. उद्याही हेच झालं, तर दुकानाला कुलूप. तुझ्या बाबांच्या फरशीच्या गोदामात कामाला लागतो."

हे तो मामीला म्हणाला. एरवी मामी बोलायला लागली की समोरच्याची बोलती बंद! पण आज ती त्याच्यासमोर चहाचा कप ठेवून नुसतीच आत गेली.  रंगाशिवाय मामा मुलांना कल्पनेतसुद्धा बघवेना.

मुलं तीन. सुट्टीला मामाकडे आलेली सख्खी भावंडं. थोरली नुकतीच आठवीत गेलेली आणि स्वतःला सेनापती समजणारी. मधला शंकासुर, ज्याच्या प्रश्नांनी शाळेत बाईंच्या तोंडाला फेस यायचा. आणि शेंडेफळ पिटुकली, जिला 'गप्प बस' म्हटलं की नेमकं बोलायचं सुचायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळे घासायला बसले. खरखरीत कागद पाण्यात बुडवायचा, लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा आणि घास, घास, घास! प्रायमर निघाला, खड्डे गेले. सगळीकडून राखाडी पाणी ओघळत होतं.

"मामा, इथे तर चमक आहे. ही जागा छान आहे ना?" पिटुकलीने विचारलं.

"छान कसली? तीच तर घालवायची! गुळगुळीत, चमकत्या पत्र्यावर नवा रंग पकड घेत नाही. सोलून येतो. आधी गाडी अशी निस्तेज व्हायला हवी. तेलकटपणाचा तर टिपूसही नको. तेलाचं बोट जरी लागलं, तरी रंग तिथून पळतो आणि खड्डा पडतो."

"मग तेल कुठून लागतं?" शंकासुराने विचारलं.

"तेच तर कळत नाही ना! रंग फवारायची गन धुतली, हवेचं फिल्टर बदललं, रंग पातळ करायच्या थिनरचा नवा डबा आणला. जेवायला जायच्या आधी स्वतःच्या हाताने सगळी गाडी पुसतो. जेवतो, जरा पडतो, येऊन प्रायमर मारतो, की आलेच खड्डे!"

"हे त्या समोरच्या लंबूचंच काम!" मामी कडाडली. लंबू म्हणजे समोरचा पेंटर. एवढा उंच की स्वतःच्याच दुकानाच्या पाटीवर त्याचं डोकं आपटायचं. "गिऱ्हाईक पळवायला टपलाय मेला!"

शंकासुर मात्र डोकं खाजवत होता. "ताई, काल टपावर खड्डे होते ना? पण फक्त दोन्ही कडांना. मधला पट्टा अगदी स्वच्छ होता."

"म्हणजे?"

"म्हणजे जो कोणी हात लावतो, त्याचा हात मध्यापर्यंत पोचत नाही! लंबूकाका तर टपावरून हात घालून पलीकडची खिडकी पुसतील."

थोरलीचे डोळे चमकले. "शाब्बास! म्हणजे चोर बुटका आहे!"

"मी नाही हं!" पिटुकली घाबरून म्हणाली.

"तुझा हात टपाच्या कडेलासुद्धा पोचत नाही, वेडाबाई! ऐका. आज जेवताना आपण पोटात दुखतंय म्हणायचं आणि गाडीत लपायचं. रंग लागू नये म्हणून काचांवर कागद चिकटवलेलेच आहेत. आपल्याला कोण बघतंय!"

एकदम तिघांच्या पोटात दुखायला लागलं म्हटल्यावर मामीला शंका यायला हवी होती. पण ती इतकी काळजीत होती, की "पडून राहा" एवढंच म्हणाली. मामाने गाडी थिनरने पुसली, वास जायला शटर अर्धं उघडं ठेवलं आणि मान खाली घालून घरात गेला.

तिघं मागच्या सीटसमोर खाली दाटीवाटीने बसली. थोरलीने काचेवरच्या कागदाला नखाने भोक पाडलं.

"तुझा पाय माझ्या नाकात आहे," शंकासुर कुजबुजला.

"नाक मागे घे मग! शू! कोणीतरी आलं!"

अर्ध्या शटरखालून एक माणूस आत आला. त्याला वाकावंही लागलं नाही! चकचकीत बूट. पांढऱ्या मिशा. काखेत एक फवाऱ्याचा डबा आणि पिवळं फडकं.

"बँडमास्तर?" थोरलीचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. स्वतःची गाडी कोणी स्वतः बिघडवतं का?

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बॉनेटवर हात फिरवला. कालचा तो तोफेसारखा आवाज आता लोण्यासारखा मऊ झाला होता. "राणी गं माझी! काय दशा केलीय तुझी! सगळी चमक घालवली. नुसती धुळकट! थांब हं, तुला छान पुसतो. माझं ट्रम्पेट याच पॉलिशने चमकायचं."

फुस्स! फुस्स! पिवळं फडकं गरागरा फिरायला लागलं. मास्तर पावलांच्या चवड्यांवर उभे राहून टपाची कड पुसू लागले.

"अजिबात आवाज करू नका," थोरली पुटपुटली. "मामाला..."

झालं! 'आवाज करू नका' म्हटल्यावर पिटुकली कुठली गप्प बसते? ती गोड आवाजात म्हणाली, "मास्तर, गुदगुल्या होतात हो!"

फडकं थांबलं.

"क... कोण बोललं?"

"मी राणी! तुम्ही तेल लावता आणि मला कांजिण्या येतात!"

"गाडी बोलली! गाडी बोलली!" मास्तर किंचाळत मागे सरकले आणि घासायच्या पाण्याच्या बादलीत बसले ते बसलेच! आतून तिघांचं हसू असं फुटलं, की गाडी गदगदा हलली. त्यामुळे मास्तर आणखी ओरडले. त्या आवाजाने मामा धावत आला, मामी लाटणं घेऊन आली आणि रस्ता ओलांडून लंबूही आला. येताना शटरला डोकं आपटून!

"हे काय चाललंय?"

"चोर सापडला, मामा!" थोरली दार उघडून बाहेर पडली. "रोज दुपारी हेच येऊन पॉलिश लावतात!"

"चोर काय? मी मदत करत होतो!" बादलीतून मास्तर गरजले. "तुम्ही गाडी निस्तेज करता, मी चमकवतो. पॉलिशने कधी काही बिघडतं का?"

 मामाने तांब्याभर पाणी घेतलं आणि टपावर ओतलं. मधल्या पट्ट्यावर पाणी सपाट पसरलं. कडांना, जिथे फडकं फिरलं होतं, तिथे त्याचे गोल थेंब झाले आणि घरंगळून पळाले.

"बघा. रंगही तिथून असाच पळतो," मामा म्हणाला.

मास्तर थेंबांकडे बघत राहिले. मिशा खाली आल्या. "म्हणजे... दोन्ही वेळा... मीच?"

"तुम्हीच!" तिघं एका सुरात म्हणाली.

मास्तरांना काढायला लंबू आणि मामी दोघं लागली. मग कोणी न सांगता लंबूने फडकं उचललं, मामाने थिनर, आणि दोघांनी मिळून गाडी पुन्हा पुसली, घासली, पुन्हा पुसली. मामी खजील होऊन लंबूच्या टेंगळाला बर्फ लावत होती. मास्तर ओल्या विजारीनिशी कोपऱ्यात उभे होते, हात पाठीमागे घट्ट बांधून.

हवेचा कॉम्प्रेसर घरघरला. मामाने गन उचलली. करडा प्रायमर बॉनेटवर बसला, टपावर बसला. सगळे श्वास रोखून बघत होते. एक खड्डा? नाही. कडेला? नाही. कुठेच नाही!

"आला! एकसारखा आला!" मामा ओरडला आणि त्याला रडूच आलं. ते त्याने लपवलंही नाही. मामीने त्याच्या पाठीवर धपाटा घातला आणि तीही रडायला लागली.

मास्तर तरातरा बाहेर गेले. "निघाले वाटतं रागावून," शंकासुर म्हणाला.

पण मास्तर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, छाती फुगवून श्वास घेतला आणि सारा बँड थांबवायचा असावा अशा आवाजात गरजले, "ऐका हो ऐका! काल मी या पेंटरबद्दल जे बोललो, ते साफ खोटं! चूक माझी! गाडी मी बिघडवली! असा पेंटर अख्ख्या गावात नाही! आणि मला पकडणारी ही पोरं तर माझ्याहून शंभरपट शहाणी!"

न्हावी कात्री हातात घेऊन दारात आला. बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. कालच्या अनोळखी बाई कुत्र्यासकट थांबल्या आणि मामाला म्हणाल्या, "आमच्या गाडीच्या दाराला पोचा आलाय हो. कधी आणू?"

"अशी भाचरं मला मिळाली असती तर!" लंबू हसत म्हणाला. "देतोस का एखादं उसनं?"

"पिटुकली घेऊन जा," शंकासुर लगेच म्हणाला, आणि पिटुकलीने त्याला चिमटा काढला.

मामाने तिघांना एकदम कवेत घेतलं. थोरलीच्या केसांत प्रायमर, शंकासुराच्या नाकावर प्रायमर. पण आज कोणी रागावलं नाही.

"चला, हात धुऊन घ्या," डोळे पुसत मामी म्हणाली. "बाईंना उद्या सकाळी बोलावलंय. दुकान वेळेवर उघडायचंय."