डिनीची थरथर

गुरुवारी दुपारी मॅनस बॉनर दुकानात गेला तो राळेची एक वडी आणि बाटलीभर दूध घ्यायला. राळ फिडलच्या गजाला, दूध वर्गातल्या चहाला. नोव्हेंबरचे दिवस, डोंगरावरचे ढग पार रस्त्यापर्यंत उतरलेले, अडीच वाजताच दिवे लावायची पाळी. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याचा हा नेम होता. दर गुरुवारी मीनबान गावच्या सभागृहात फिडलचा, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनचा वर्ग, आणि त्याआधी ही दोन जिन्नसांची खरेदी.

"रविवारी भाषण तुमचंच ना?" दुकानवालीने सुटे पैसे देता देता विचारलं. "सेलिया सांगत होती, पडदा ती ओढणार आणि बोलणार तुम्ही. स्मारकाचा दगड छान झालाय म्हणे. वर तिच्या बाबांचं नाव, खाली तुमचं."

"हो, मीच," मॅनस म्हणाला आणि दुधाची बाटली तिथेच विसरून निघाला. तिने हाक मारून परत बोलावलं.

वर्गाला येणारी माणसं पन्नाशीच्या आसपासची. जुन्या चाली त्यांनी लहानपणापासून ऐकलेल्या, हातात बसलेल्या. त्यांना साज कसा चढवायचा, एवढंच शिकायचं असे. मॅनसचं सांगणं साधं होतं. आधी चाल उघडीबोडकी वाजवा, घासलेल्या फरशीसारखी. मग एखाद्या सुराला वरच्या बोटाची टिचकी द्या. मग मुरकी, मग गजाचे तीन झटके. आणि दोनदा तीच हरकत त्याच जागी घेतलीत, तर घरी जाऊन मेंढरं राखा.

पण बाहेरगावचे लोक मीनबानला येत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. एकतीस वर्षांपूर्वी म्हाताऱ्या डिनी मॅकनेलिसने मरायच्या दिवशी वाजवलेली एक रील, नाचाची जलद चाल, मॅनसने कॅसेटवर धरून ठेवली होती. तिच्या दुसऱ्या भागात, वरच्या लांब सुरावर, बोटं अशी काही फडफडतात आणि सूर असा काही खाली ढासळतो, की ऐकणारा श्वास घ्यायचा विसरतो. लोक तिला डिनीची थरथर म्हणत. ती एकट्या मॅनसला साधली होती. तिच्या जोरावर तो दोनदा अमेरिकेला जाऊन आला, नाहीतर पोस्टमनला कोण विचारतंय? या लोकांत रीत अशी की चाल किंवा हरकत कुणाकडून मिळाली त्याचं नाव वाजवण्याआधी घ्यायचं. मॅनस दर वेळी न चुकता म्हणायचा, "ही मला डिनीकडून मिळाली." ते खोटं नव्हतं. कशी मिळाली, ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि डिनीच्या मुलीला, सेलियाला, तर मुळीच नाही.

त्या दिवशी वर्गाला दोघंच आली. मेंढरंवाला शेमी आणि नर्स डिम्फना. डिम्फनाची बोटं जाड आणि जीभ तिखट.

"माझी मुरकी म्हणजे जिन्यावरून घरंगळणारा बटाटा," ती फिडलची पेटी उघडत म्हणाली.

"बटाटा निदान खाली तरी पोचतो," शेमी म्हणाला.

तिने हसून गजाला राळ लावली. मग जरा थांबून म्हणाली, "मॅनस, कॅसेट आठवडाभर ऐकली. एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार की."

"ही मुरकी नाहीच वाटत मला. असा हात मी वॉर्डात पाहिलाय. अर्धांगाचा झटका येतो ना माणसाला, तेव्हा आधी बोटं अशीच..."

"तू वाजव," मॅनस म्हणाला. आवाज नको तेवढा चढला. शेमीने कपावरून वर पाहिलं.

तिने वाजवायला घेतलं. पहिला भाग नेहमीसारखाच, जड आणि प्रामाणिक. दुसऱ्या भागाशी आली आणि सभागृहात गारठा शिरला. हीटर लालबुंद पेटलेला, तरी मॅनसच्या पोटऱ्या गार पडल्या. मागोमाग वास आला. टर्फचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळणाचा धूर, ताजं दूध, आणि म्हाताऱ्या माणसाच्या दमट लोकरी कोटाचा वास. सभागृहात चूल नव्हती, कधीच नव्हती. डिम्फना वरच्या सुरावर पोचली. तिची ती जाड बोटं पाखरासारखी फडफडली आणि सूर ढासळत ढासळत खाली आला, अगदी कॅसेटसारखा... नाही, कॅसेटच्याही पुढे. कॅसेट जिथे संपत होती तिथे ती थांबली नाही. गज तारेवरून घसरला. तिने मॅनसकडे पाहिलं आणि स्वतःच्याच आवाजात, अगदी हळू म्हणाली,

"माझा हात गेला, पोरा... सेलियाला हाक मार."

मग डिम्फनाने पापण्या मिटल्या, उघडल्या.

"असे काय बघताय दोघं? जमली का नाही?"

"ते शेवटी काय म्हणालीस गं?" शेमीने विचारलं.

"मी? मी वाजवत होते." तिने डावा हात मांडीवर चोळला. "हात मात्र बर्फ झालाय माझा. हीटर बंद पडला काय?"

शेमीला यात काहीतरी थट्टा दिसली असावी, तो हसला. मॅनसला हसू आलं नाही. ते शब्द त्याने त्याच रात्री कॅसेटवरून पुसले होते, वर कोरी शांतता भरून. ते ठाऊक असलेली माणसं दोनच होती, आणि त्यातलं एक मातीत गेलं होतं. त्याने वर्ग आटोपता घेतला. मान वर करून डिम्फनाकडे बघायची त्याला सोय उरली नव्हती.

गाडीत बसला तेव्हा चार वाजत आले होते. घराकडे वळायचं तर डावीकडे, सेलियाकडे जायचं तर सरळ वर. एकतीस वर्षं तो डावीकडेच वळला होता. दर वर्षी डिनीच्या नावाची प्रार्थना झाली की चर्चच्या पायरीवर सेलिया त्याला एकच प्रश्न विचारायची. "त्या दिवशी बाबा काही बोलले का रे, मॅनस?" आणि दर वर्षी तो म्हणायचा, "नाही गं. हसत होते, मजेत होते." खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस तरी बरा, निदान घर उभं ठेवतो. मॅनसने तर त्या घरातल्या माणसाचं मरण उचललं होतं, त्याला दागिन्याचं नाव दिलं होतं, आणि ते मिरवत दोनदा समुद्र ओलांडला होता. आता रविवारी त्याचं नाव दगडावर त्याच माणसाच्या नावाखाली उघडं पडणार होतं. सांगायचं तर आजच. उद्या धीर राहणार नाही हे तो स्वतःला ओळखून होता. सांगितलं की सगळं जाणार: वर्ग, मान, दगडावरचं नाव. त्याने गाडी सरळ वर घातली.

सेलिया दारातच होती, हातात रिकामी बादली. सत्तरीला टेकलेली, ताठ, लग्न न केलेली बाई.

"आलास," ती म्हणाली. "बस. चहा टाकते."

तिने सोडा ब्रेड कापला, लोणी पुढे सरकवलं. चुलीत टर्फ धुमसत होतं. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं. तिथेच खिडकीशी त्या दिवशी डिनी बसला होता. मॅनसने ब्रेडला हात लावला नाही.

"सेलिया, मी खोटं बोललोय तुझ्याशी."

"कशाबद्दल?"

"बाबांबद्दल... ते बोलले होते."

तिने किटली खाली ठेवली. बसली नाही.

"तू मला बजावलं होतंस," मॅनस म्हणाला. "डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, एकच चाल वाजवू दे, जास्त नको. मी चार वाजवून घेतल्या. तू गोठ्यात होतीस. शेवटच्या रीलमध्ये त्यांची बोटं फडफडली. मला वाटलं, हे काहीतरी नवीनच काढलं म्हाताऱ्याने! असलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि ते म्हणाले, माझा हात गेला, पोरा... आणि म्हणाले, सेलियाला हाक मार."

"माझं नाव घेतलं?"

"हो."

सेलियाने खुर्चीची पाठ धरली. तिचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मॅनसला सोपं गेलं असतं.

"आणि तू हाक मारली नाहीस."

"नाही. मी... मी त्यांना म्हटलं, आणखी एकदा वाजवा, एवढा एकच तुकडा. माझ्या हातात बसला नव्हता तो. आणि त्यांनी वाजवला, सेलिया! तसल्या हाताने! पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून. कॅसेटवर आहे तो पहिल्यांदाचा, त्यापुढचं मी पुसलं. मग गज पडला त्यांचा. मान कलली. मी सामान आवरलं. गोठ्याच्या दारात तू भेटलीस, विचारलंस, बाबा कसे आहेत. मी म्हटलं, डुलकी लागलीय त्यांना, उठवू नकोस."

"म्हणून तर मी तासभर आत गेले नाही," सेलिया म्हणाली.

"तू ओरडशील म्हणून भ्यालो मी. एवढंच. चार वाजवून घेतल्या म्हणून तू मला बोलशील, याची लाज वाटली. दुसरं काही नव्हतं गं मनात." आणि हे बोलताना त्याला कळलं की आजवर लपवलेल्या सगळ्यात लाजिरवाणं हेच होतं. माणूस जिवानिशी गेला तो एका बाईची बोलणी चुकवण्यासाठी. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"रविवारी सांग सगळ्यांना, नाहीतर नको सांगूस, तुझं तू बघ," सेलिया म्हणाली. "मला माझं मिळालं. इतकी वर्षं मी तेवढ्यासाठी विचारत होते तुला. मला अर्धंच ऐकू यायचं."

मॅनसने हात खाली घेतले. "अर्धं म्हणजे?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेचारला दोन मिनिटं होती. खिडकीबाहेर उजेड शेवटाला आला होता.

"तुला वाटतं त्यांचं भूत असेल या घरात. लोकांनाही वाटतं, विचारतात मला. असते तर बरं झालं असतं रे. मी कान लावून बसते रोज, त्यांचा एक शब्द यावा म्हणून. कधी नाही आला. ते गेले, सुखाने गेले." ती आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघत होती. "राहिलायस तो तू."

"मी?"

"तुझाच आवाज येतो. तरुणपणचा. रोज, याच वेळेला. आर्जव करतोस. मग गजाचा आवाज येतो, एवढाच. सूर येत नाहीत. मी दार उघडलं की खोली रिकामी."

"सेलिया, मी तर जिवंत..."

"तेच तर मला कळत नाही," ती म्हणाली.

चुलीतलं टर्फ खाली बसलं. दाराच्या फटीतून गार वारा पायांवर आला. आणि आत कुणीतरी खुर्ची पुढे ओढली. मग माणसाचा आवाज आला, उत्साहाने भरलेला, गोड, लाघवी.

"किती छान, डिनी! हे कुठून काढलंत?"

मॅनस उठून उभा राहिला. स्वतःचा आवाज त्याने ओळखला. त्या आवाजात लाज नावालाही नव्हती. आतला तो माणूस अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्याला फक्त तेवढा तुकडा हवा होता.

"थांबव त्याला," सेलिया कुजबुजली. तिने त्याची बाही धरली होती. "मी सांगून सांगून थकले, माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल... तू सांग त्याला, मॅनस. म्हणावं, राहू दे. म्हणावं, तिला हाक मार."

मॅनसने दार ढकललं. खिडकीशी खुर्ची होती, रिकामी. खोलीत कुणी नव्हतं. त्याने तोंड उघडलं, छाती भरून श्वास घेतला आणि सगळा जीव एकवटून ओरडला. त्याच्या तोंडातून आवाज निघाला नाही. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण साधी फुंकरही बाहेर पडली नाही.

आणि खुर्चीसमोरून, दोन हातांच्या अंतरावरून, त्याचाच आवाज अगदी अदबीने म्हणाला,

"एकदाच, डिनी... मग मी सेलियाला हाक मारतो."