लिफ्टमधली सोबत

सिंदेवाहीच्या बाजारात अश्वजितचं खता-बियाण्यांचं दुकान. वर राहतं घर, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर आईची खोली. गिरजाबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांचं खाली उतरणंच संपलं. बुद्धपौर्णिमेला विहारात जायचं, एवढाच त्यांचा धोशा. शेवटी अश्वजितनं जुन्या घराच्या कोपऱ्यातले स्लॅब फोडून लहानशी लिफ्ट बसवली.

पौर्णिमेच्या सकाळी सून संघप्रियानं सासूला पांढरं लुगडं नेसवलं, लिफ्टमध्ये खुर्चीवर बसवलं आणि फुलं घ्यायला मागे वळली. तेवढ्यात दार आपोआप लागलं. लिफ्ट जराशी खाली सरकली आणि धक्का बसून थांबली. घरातले पंखेही थांबले. लाइन गेली होती.

अश्वजित खालून ओरडला, "मेकॅनिकले फोन लावून राह्यलो! तू आईसंगं बोलत राय!"

संघप्रियानं दाराच्या फटीला तोंड लावलं. आतून ग्रीसचा वास येत होता, आणि त्याखाली पाणी साठवायच्या बोडीच्या तळाशी असतो तसा चिखलाचा.

"आई, घाबरू नका."

"मी काऊन घाबरू?" गिरजाबाईंचा आवाज निवांत होता. "तू आहेस न जवळ. पण तुहे हात असे गार काऊन लागून राह्यले?"

संघप्रियानं फटीला डोळा लावला, आत नुसता काळोख.

"आई... मी बाहेर आहो."

मग गिरजाबाई अगदी हळू म्हणाल्या, "मंग हे कोन...? बोलू नको म्हंते, बाई..."

संघप्रिया हाका मारत राहिली. फटीतून नुसती बांगड्यांची किणकिण. नवरा गेल्यापासून गिरजाबाईंनी हातात बांगडी घातली नव्हती.

लाइन आली. लिफ्ट घरघरत निघाली, तशी संघप्रिया धडाधडा जिना उतरली. खाली दार उघडलं. आत गिरजाबाई एकट्याच होत्या, डोळे मिटलेले, छाती धपापत. अश्वजितनं त्यांना उचलून दुकानातल्या पोत्यांवर बसवलं, पाणी पाजलं.

"कोन होतं, आई?"

"पाह्यलं नाई मी. मांगं उभी होती."

तेव्हा कुठे संघप्रियाचं लक्ष गेलं. सासूचे न्हालेले केस वाळावेत म्हणून तिनंच मोकळे सोडले होते. आता पाठीवर घट्ट वेणी होती, मनगटाएवढी जाड. ती वेणी सोडवू लागली. सासूच्या पांढऱ्या केसांत लांब काळे केस गुंफलेले होते, ओले. तिनं त्यातली एक बट ओढली.

गिरजाबाई हलल्याही नाहीत.

बंद लिफ्टमधून मात्र कुणीतरी कळवळलं, "हळू न वं..."