निरोगी श्वासाची मापपट्टी

जांभूळखिंडीच्या दूध संकलन केंद्रात सकाळी दोन रांगा लागत, एक किटल्यांची आणि एक बायकांची. किटलीतलं दूध फॅटच्या यंत्रात जाई आणि दूध घालून मोकळी झालेली बाई शेजारच्या खिडकीपाशी जाऊन एका पांढऱ्या नळीत जोरात फुंकर मारी. नळीमागच्या पेटीला सरकारी कागदांत ‘श्वासपरीक्षक’ म्हणत. गावानं मात्र तिचं नाव केव्हाच पिपाणी ठेवलं होतं. हिरवा दिवा लागला की बाई रिकामी किटली घेऊन घरी जायची. पिवळा लागला तर पुढच्या आठवड्यात परत फुंकायचं आणि तांबडा लागला तर कराडच्या मोठ्या दवाखान्याची गाडी दारात यायची.

त्या सकाळी सगळे दिवे हिरवे लागत होते. खिडकीआड उभी असलेली डॉ. तृप्ती कणसे ते पाहून सुखावायला हवी होती. पिपाणीला या खोऱ्यातल्या बायकांचा श्वास ओळखायला तिनंच शिकवलं होतं. सोमवारी मुंबईत बैठक होती आणि तिची पद्धत राज्यातल्या सगळ्या डोंगराळ तालुक्यांना लागू व्हायची होती. पण तिला उगाचच चुटपूट लागली होती. इतकं सगळं हिरवं कधी असतं का?

मग तिची आत्या खिडकीशी आली. शालनआत्यानं पदर खोचला, गाल फुगवून फुंकर मारली आणि हिरवा दिवा पाहून रांगेतल्या बायकांकडे असं बघितलं, जणू पोरगी पहिली आली. “आमच्या तृप्तीचं यंत्र हाय,” ती म्हणाली. हे ती दर वेळी म्हणायची.

पिपाणीचं शास्त्र तसं समजायला सोपं होतं. माणसाच्या श्वासात शेकडो वायू अगदी कणाकणानं मिसळलेले असतात. शरीरात कुठं कॅन्सरमुळं पेशी बिघडू लागल्या की हे मिश्रण बदलतं, गाठ हाताला लागण्याच्या कितीतरी आधी. पिपाणी या मिश्रणाचा ठसा घेई आणि निरोगी माणसांच्या ठशांशी ताडून पाही. फरक मोठा निघाला तर तांबडा दिवा. सगळी मेख एवढीच होती, की निरोगी माणसं म्हणून धरायचं कुणाला?

पहिली मापपट्टी शहरातल्या लोकांच्या श्वासावर बेतलेली होती. ती इथं आणली तेव्हा निम्मं खोरं तांबडं निघालं. बायका दूध, धुणी, शेतातली भांगलण सोडून कराडला गेल्या. चुलीच्या धुरामुळं असेल म्हणून तिथं त्यांच्या छातीचे फोटो निघाले. सापडलं काहीच नाही. परत आल्यावर त्यांनी पिपाणीकडं पाठ फिरवली ती फिरवलीच. शहरी श्वासाच्या मापानं डोंगरातल्या बाईला आजारी ठरवणं हा अन्याय आहे, असं तेव्हा तृप्तीनं प्रकल्पाच्या पुण्यातल्या कचेरीत भांडून सांगितलं होतं. मग तिनं स्वतः खोऱ्यात फिरून, ज्यांना कसलंही व्यसन नाही अशाच बायकांचे श्वास गोळा केले आणि खोऱ्याची वेगळी मापपट्टी बनवली. खोटे तांबडे दिवे विझले आणि बायका परत रांगेत आल्या. प्रकल्पाच्या पथकात या भागातली ती एकटीच होती, त्यामुळं हे तिलाच जमलं असं सगळे म्हणत. तिलाही तसंच वाटे.

घरी आल्यावर आत्यानं तिच्यापुढं भाकरी आणि ठेचा ठेवला. स्वतः मात्र दुधात भाकरी कुस्करून बसली.

“ठेचा नको तुला?” तृप्तीनं विचारलं. जी बाई ठेच्याशिवाय जेवायला बसत नसे, ती लहान पोरासारखी दूधभाकरी खात होती.

“झोंबतोय गं. दाताचं लागतंय गालाला.”

“कधीपासून?”

“आखाड लागायच्या आदीपास्नं. बरं व्हईल की. तू खा.”

आता दिवाळी आठवड्यावर आली होती. तृप्तीच्या हातातला घास हातातच राहिला. तिनं आत्याला अंगणात उजेडाकडं तोंड करून बसवलं, मोबाइलची बत्ती लावली आणि गाल बोटानं बाजूला केला. आत, खालच्या दाढांच्या कडेला, सायीसारखा पांढरा चट्टा होता. चट्ट्याच्या मधोमध एक लाल जखम होती आणि तिच्या कडा घट्ट झालेल्या होत्या. ती दंतवैद्य नव्हती, पण एवढं कळायला दंतवैद्य असावं लागत नाही.

“सकाळी हिरवा आला होता ना?” ती स्वतःशीच पुटपुटली आणि बॅगेतून तपासणीची छोटी पिपाणी काढली. “आत्या, जरा परत फुंक.”

“थांब, दात घासून येती,” म्हणत आत्या उठली.

“जेवतेयस ना अजून? आता कसले दात घासायचे?”

“मग खरकट्या तोंडानं फुंकू व्हय तुज्या यंत्रात? आमी समद्या जणी घासूनच येतो. आपल्या गावच्या पोरीचं यंत्र, त्यात वंगाळ वास जायला नको.”

न्हाणीच्या कोनाड्यातली डबी काढून आत्यानं तळहातावर काळी पूड घेतली आणि बोटानं हिरड्यांवरून, गालाच्या आतून, सावकाश फिरवायला सुरुवात केली. तो जळका, उग्र वास अंगणभर पसरला. तृप्ती जागच्या जागी उभी राहिली.

मिश्री! तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुस्करलेली तंबाखू.

“आत्या, तू अजून मिश्री लावतेस?”

“अजून म्हंजे? दात घासायचं सोडू का काय आता?”

“मी तुला विचारलं होतं, तंबाखूचं व्यसन आहे का. तू नाही म्हणालीस.”

आत्याला राग आला. बोट तोंडात तसंच ठेवून ती म्हणाली, “मग काय खोटं सांगितलं? तंबाखू गडीमाणसं खात्यात. मी कधी पानाला शिवली न्हाई. ही मिश्री हाय, बाय. तुजी आई लावायची, आजी लावायची. तवा तर तूच उतरवायचीस चुलीवरनं.”

खरंच होतं ते. आत्या खोटं बोलली नव्हती. खोऱ्यातली एकही बाई खोटं बोलली नव्हती. तृप्तीनं तंबाखूचं विचारलं, त्यांनी तंबाखूचं सांगितलं. श्वास गोळा करायला ती घराघरांत गेली, तेव्हाही प्रत्येक बाई पाहुणीच्या यंत्रासाठी तोंड चांगलं घासून आली होती. त्या दिवसांत तो वास सतत तिच्या नाकाशी होता. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिला तो सकाळचा वास वाटला, आईचा वाटला, स्वच्छतेचा वाटला.

तिनं आत्याचा श्वास घेतला. हिरवा. मग यंत्रातली खोऱ्याची मापपट्टी काढून जुनी शहरी मापपट्टी लावली आणि तोच श्वास पुन्हा ताडून पाहिला. दिवा तांबडा झाला.

“काय झालं गं?” आत्या आता जरा घाबरली होती.

“फॅटचं यंत्र लावताना आधी चांगलं दूध घालून बघतात ना?” तृप्ती म्हणाली. “कुणी पाणी घातलेलं दूधच चांगलं म्हणून घातलं, तर पुढं प्रत्येक पाणचट दूध त्याला चांगलंच दिसणार. मी तसंच केलंय, आत्या. मिश्रीनं भाजलेली तोंडं मी निरोगी म्हणून यंत्राला दाखवली. आता तुमचं दुखणंच त्याला तुमची तब्येत वाटतंय.”

आत्याला सगळं कळलं नसावं. पण भाचीचा चेहरा तिला कळला. तिनं मुकाट्यानं चूळ भरली.

दुपारी कराडच्या डॉक्टरांनी आत्याच्या गालातला छोटा तुकडा तपासायला काढून घेतला. निकाल चार दिवसांनी मिळेल, असं ते म्हणाले. मग आत्याला बाहेर बसायला सांगून तृप्तीला त्यांनी एवढंच विचारलं, “यांना आणायला इतका उशीर का केला?”

दवाखान्याच्या जिन्यातूनच तिनं पुण्याला, प्रकल्पप्रमुख श्रोत्रींना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“तृप्ती, जुन्या पट्टीवर निम्मं खोरं तांबडं यायचं,” ते म्हणाले. “ते खोटे तांबडे होते. कराडला तपासल्या होत्या ना सगळ्या?”

“छाती तपासली, सर. तोंड उघडून कुणी बघितलंच नाही. बायका तंबाखू खात नाहीत, हे नावं नोंदवतानाच विचारून आपण कळवलं होतं.”

“सगळ्यांनाच काही कॅन्सर नसेल.”

“नसेल. पण कुणाला आहे ते आपल्याला कळत नाही, आणि आपण सगळ्यांना नाही म्हणून सांगतोय.”

मग श्रोत्री जरा हळू आवाजात म्हणाले, “पहिल्या आठवड्यात मी तिथं आलो होतो. तुला विचारलं होतं, हा जळका वास कसला. आठवतं? तू म्हणालीस, काही नाही सर, दात घासतात.”

तृप्तीला आठवत होतं. सर शहरातले, त्यांना गावातला प्रत्येक वास वेगळा वाटतो, म्हणून ती मनातल्या मनात हसलीसुद्धा होती.

“सोमवारची बैठक मी पुढं ढकलतो,” श्रोत्री म्हणाले. “पण पिपाणी बंद करू नकोस. मोठ्या मुश्किलीनं बायका परत आल्यात. आता हिरवाही खोटा म्हणून सांगितलंस, तर पुन्हा एकही फिरकायची नाही. नवीन मापपट्टीला वर्ष तरी लागेल. तोवर चालू राहू दे, आपण आतून दुरुस्ती करू.”

“आणि तोवर ज्यांना हिरवा येईल त्या?”

“ते बघू,” म्हणत श्रोत्रींनी फोन ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. सांगावं तर बायका जाणार, न सांगावं तर हिरवा दिवा घेऊन निश्चिंत घरी जाणार. परतीच्या एसटीत आत्या तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आणि तृप्ती डोळे उघडे ठेवून बसून राहिली. तिला भीती वाटत होती. आत्याची वाटत होती आणि उद्याच्या रांगेचीही.

सकाळी किटल्यांची रांग लागली, पण शेजारची खिडकी बंद होती. तृप्ती खिडकीबाहेर उभी होती. तिनं जमेल तेवढ्या साध्या शब्दांत सांगितलं, की मापपट्टी चुकली आहे, चूक तिची आहे आणि आजवरच्या हिरव्या दिव्यावर कुणी विसंबू नये. मिश्री म्हणजे तंबाखूच आहे आणि मी तुम्हाला हे आधी विचारायला हवं होतं, हेही सांगितलं.

“आदी म्हणालासा तांबडा खोटा,” पुढं उभी असलेली रंजना शेलार म्हणाली. “आता म्हंताय हिरवा खोटा. मग खरं कंचं, त्ये तरी सांगा. का आमी उंदरं हाय तुमची?” तिनं किटली उचलली आणि निघून गेली. तिच्यामागून आणखी काही जणी गेल्या. कुणी तृप्तीकडं बघितलंसुद्धा नाही. श्रोत्री म्हणाले होते तसंच होत होतं.

तेवढ्यात शालनआत्या पुढं आली. चारचौघींत हसतानाही तोंडाला पदर लावणारी ती बाई. तिनं सगळ्यांसमोर मोठा आ केला आणि बोटानं गाल ओढून धरला. “ह्ये बगा,” ती तोंड तसंच ठेवून म्हणाली. शब्द नीट उमटत नव्हते. “मला बी हिरवाच येत हुता. पोरगी खोटं सांगत न्हाई. तिच्याकडनं चूक झाली. तुमच्या तोंडाला कुलूप हाय का? दावा की तिला.”

किटल्यांची झाकणं तेवढी वाजली. मग रांगेच्या मधून एक तरुण सून बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली चैताली. तिनं इकडंतिकडं पाहिलं, पदरानं ओठ पुसले आणि ती तृप्तीसमोर स्टुलावर बसली.

“मी लावत नव्हते माहेरी,” ती हळूच म्हणाली. “इथं सासूबाईंनी सवय लावली. दाढ दुखायची म्हणून.”

तृप्तीनं बत्ती लावली. चैतालीनं डोळे गच्च मिटून तोंड उघडलं. डाव्या गालाच्या आत नखाएवढा पांढरा डाग होता. दुधाची साय असेल, तृप्तीनं स्वतःला सांगितलं. तिनं कापसाचा बोळा ओला केला आणि डागावरून फिरवला. मग जरा दाबून फिरवला. डाग पुसला गेला नाही.

चैतालीनं डोळे उघडले. तिच्यामागं आणखी दोघीतिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्याही मान पुढं काढून तृप्तीच्या चेहऱ्याकडंच बघत होत्या.

“माझा हिरवाच म्हणायचा ना, ताई?” चैतालीनं विचारलं.